एक डबी ऐकते, एक बोलते

७ जानेवारी

आज दिवसभर मशीन चालवली. हॉटेलच्या पडद्यांची पहिली खेप उरकली. कुणी ओरडलं नाही.

कान मात्र सवयीनं आतल्या खोलीकडे. ह्यांचं पुस्तक-वाचनाचं रेकॉर्डिंग सुरू असलं की शिलाई मशीनला हात लावायची सोय नव्हती. लावला की आतून गर्जना — "अगं! मशीन!" मीही काही कमी नव्हते. "तुमचं पुस्तक थांबेल, माझं गिऱ्हाईक थांबत नाही!" रोजचं भांडण. घरात एका वेळी एकानंच आवाज करायचा.

आता सगळी मुभा माझीच. काय करू तिचं?

९ जानेवारी

वाचेच्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांच्या पदवीचं नाव लांबलचक आहे. घरात मी त्यांना वाचेच्या बाईच म्हणते.

ह्यांना चित्रं दाखवतात. कप. चावी. मांजर. ज्या माणसानं जन्मभर जाडजूड कादंबऱ्या लोकांना वाचून दाखवल्या — ट्रक चालवताना ऐकणारे, दिसत नाही म्हणून ऐकणारे, आजारपणात पडल्या पडल्या ऐकणारे — तो आता मांजराच्या चित्राकडे बघतो आणि कपाळाला आठ्या. समजतं सगळं. ओठ हलतात, शब्द येत नाही. बाई हळूच "मां—" म्हणून सुरुवात करून देतात, आणि हे म्हणतात, "चावी." चुकलं ते त्यांचं त्यांनाच कळतं. मान खाली जाते. मला ती मान बघवत नाही.

"शब्द आत आहेत," बाई म्हणाल्या. "वाट बुजली आहे. नवी पाडायची." मग विचारलं, "माइकसमोर बसायची सवय होती ना त्यांना? मग घरी तिथंच बसवून बघा. ओळखीच्या खुर्चीत शब्द लवकर सापडतात कधी कधी."

येताना ह्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. उजवा पाय अजून ओढतो.

१० जानेवारी

ती खोली उघडली. उन्हाळ्यापासून बंद होती.

भिंतींवर मीच शिवलेल्या रजया. आवाज घुमू नये म्हणून. चिंध्या वाया जाऊ नयेत म्हणून मी शिवल्या, आणि ह्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं — "माझा स्टुडिओ बायकोनं शिवलाय!"

डबी टेबलाखाली सापडली. तिला इंटरफेस म्हणतात, पण हे डबीच म्हणायचे. माइकचा आवाज डबीतून कॉम्प्युटरमध्ये, कॉम्प्युटरचा आवाज डबीतून हेडफोनमध्ये. येणं-जाणं सगळं तिच्यातून. उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा हेडफोन कानावरच होते. हे खुर्चीतून कोसळले, वायर ताणली, डबी खेचली गेली. मी धावत आले तेव्हा तिचा दिवा चालूच होता.

धीर करून सगळं जोडलं. माइकची बाजू ठीक — मी बोलले की कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी हलते. हेडफोनचं भोक मात्र खिळखिळं झालंय. कानात काही येत नाही.

ऐकून घेते, बोलत नाही. ह्यांच्यासारखीच.

नको. असलं काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

१३ जानेवारी

दुरुस्तीवाल्यानं डबी उघडून परत बंद केली. "काकू, हा भाग आता मिळत नाही."

संध्याकाळी भावोजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला येतं असा त्यांचा समज आहे. त्यांच्या मुलानं गिटारचा नाद सोडला, त्याची डबी पडून होती. ती घेऊन आले.

"वहिनी, दादाची डबी टाकायची नाही. आत यायला ती, बाहेर जायला ही! कॉम्प्युटरला फक्त सांगायचं — घे तिकडून, सोड इकडून."

"दोन दोन चालतात?"

"न चालायला काय झालं? एक ऐकेल, एक बोलेल. तुमच्या संसारात वेगळं काय होतं?"

हे खुर्चीतून ऐकत होते. डाव्या हाताची मूठ दाखवली भावाला. भावोजी हसले, मीही हसले.

तपासायचं म्हणून हेडफोन मी लावले. भावोजींनी ह्यांचं एक जुनं पुस्तक सुरू केलं. आणि आवाज आला! भरदार, सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देणारा. भावोजी समोर तोंड हलवत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. ऐकायचंही नव्हतं.

"वहिनी! चालतंय का विचारतोय!"

मान हलवली. चालतंय.

१४ जानेवारी

हातशिलाई करता करता फोनवर ह्यांचं पुस्तक ऐकलं. एका ठिकाणी आवाजाच्या मागे अगदी बारीक घरघर आहे. आधी कळेना. मग कळलं — माझी मशीन!

ते एवढंच पुन्हा पुन्हा लावलं.

१६ जानेवारी

आज बसवलं ह्यांना.

काय ऐटीत बसले! डाव्या हातानं माइक जरासा खाली घेतला, घसा खाकरला, पाठ ताठ. वाटलं, आता बोलतील. सरळ पान उघडून वाचायलाच लागतील.

"पाणी." स्पष्ट! "दार." तेही स्पष्ट!

मग बाईंनी दिलेलं वाक्य. "म—मला— मला— पा— पा—" थांबले. डोळे मिटून पुन्हा. "पा— पा—" जणू कुणी मागून सदरा ओढतंय. घाम फुटला. हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी म्हटलं, "अहो, पहिलाच दिवस आहे."

नंतर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून ठेवला, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

१९ जानेवारी

रविवार. लेकीचा फोन. ती दूर परगावी, नोकरी, पदरात लहान मूल, रजा म्हटलं की साहेबांचं तोंड वाकडं. "आई, कशी आहेस?" "मजेत." "बाबांना दे ना." हे फोन दिसला की हात झाडतात. उन्हाळ्यापासून फोनला शिवलेले नाहीत. मी सांगितलं, "झोपलेत."

समोर बसून माझी थाप ऐकत होते.

२० जानेवारी

रोज तोच प्रकार. एकेक शब्द येतो, वाक्य सुरू झालं की त-त-प-प. आणि गंमत म्हणजे जेवताना भांड्याकडे बोट दाखवून म्हणाले — "मीठ दे." दोन शब्द, सलग! मी आनंदानं मीठ जास्तच वाढलं.

मग खोलीतच काय होतं?

२३ जानेवारी

वाचेच्या बाईंच्या कपाळावर आज पहिल्यांदा आठी दिसली. "इथंही अडखळायला लागलेत. आधी असं नव्हतं." ह्यांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. मनात शंका नको."

शंका नको म्हणाल्या, आणि पेरूनच दिली. दुसरा झटका. घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच.

२९ जानेवारी

पुन्हा डोक्याचा फोटो काढला. नवीन काही नाही. डॉक्टर म्हणाले, "उलट चांगलं आहे." मग बिघडतंय कुठं, डॉक्टर? ते त्यांना माहीत नाही.

हे आता खोलीत जात नाहीत. दारापर्यंत नेलं तर पाय रोवून उभे राहतात. आज मी हात धरून जरा ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला. हळूच, पण सोडवून घेतला.

१ फेब्रुवारी

पुस्तक ऐकत शिवत होते. पाठीमागे हे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. स्वतःचा जुना आवाज ऐकत होते. तोंडावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी घाईघाईनं बंद केलं, चोरी पकडल्यासारखं.

काही न बोलता आत गेले. काही न बोलता! बघा, काय लिहितेय मी.

मला त्यांचं पुस्तक नको आहे, गोष्ट नको आहे. "अगं" पाहिजे. उभ्या जन्मात मला नावानं हाक मारली नाही कधी — नुसतं "अगं". पण त्या एका शब्दात किती तऱ्हा होत्या! चहा हवा असला की वेगळा, चष्मा सापडत नसला की वेगळा, चूक कबूल करायची असली की अगदीच वेगळा, लांबवलेला. एक कुठलाही चालेल मला.

५ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

खोलीत धूळ झटकायला गेले. सहज खुर्चीत बसले. म्हटलं, माइक तरी धड आहे का बघावं. हेडफोन लावले आणि म्हणायला गेले — "आज बुधवार, पडदे द्यायचे आहेत."

"आज बु— बुध— वा—"

जीभ जड. पुन्हा म्हटलं. "प— पड— पडदे—" शब्दच पुढे जाईनात! म्हटलं, झालं, आता मलाही आला झटका! दोघंही असे झालो तर लेकीला कळवणार कोण? धडपडत न्हाणीघरातल्या आरशासमोर गेले. तोंड वाकडं नाही. दोन्ही हात वर जातात. मोठ्यानं म्हटलं, "आज बुधवार, पडदे द्यायचे आहेत!" — घडाघडा!

परत खुर्चीत. हेडफोनशिवाय, घडाघडा. हेडफोन लावून, बु-बु-बु.

मग टाळी वाजवली. टाळी हातात वाजली आणि कानात मागून आली. किंचितच मागून. पण मागून! मी एक शब्द बोलून पुढे जाते आणि कानात माझाच आधीचा शब्द बोलत असतो. कुणाची जीभ अडखळणार नाही?

ह्यांना काही झालेलं नव्हतं. काही झालेलं नव्हतं! आणि इतके दिवस तो माणूस समजत होता की आपली उरलीसुरली वाचाही चालली. बाईंकडे अडखळायचे ते त्याच धास्तीनं. मीही तेच समजत होते. समोर बसून, धीर द्यायचं तोंड करून.

६ फेब्रुवारी

भावोजींना फोनवर फैलावर घेतलं. आधी त्यांना खरं वाटेना. मग म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे तुमचं. एकच डबी असती तर माइकचा आवाज आतल्या आत लगेच हेडफोनला मिळाला असता. आता त्याला एका डबीतून आत जायचं, कॉम्प्युटरला वळसा घालायचा आणि दुसरीतून बाहेर यायचं. उशीर होणारच."

"मग हे आधी नको सांगायला?"

"मला वाटलं, दादा आधी बोलेल आणि मग ऐकेल. बोलता बोलता ऐकेल हे डोक्यातच आलं नाही."

आवाज पडला होता त्यांचा. मी म्हटलं, "जाऊ द्या. उपाय सांगा."

उपाय अगदी सोपा. बोलताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये सोडायचाच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खूण आहे, ती काढायची. एक कान उघडा ठेवायचा. आपला आवाज माणसाला असाही ऐकू येतोच की!

७ फेब्रुवारी

सांगून पटलं नसतं. म्हणून दाखवलं.

ती खूण मुद्दाम काढली नाही. ह्यांना महत्प्रयासानं खोलीत आणलं, स्टुलावर बसवलं आणि मी खुर्चीत. हेडफोन चढवले. "मी शि— शिव— शिवणका—" ह्यांनी दचकून माझा हात धरला. डोळ्यांत भीती. मी हेडफोन काढले. "मी शिवणकाम करते आणि माझा नवरा हट्टी आहे." परत घातले. "माझा न— नव— ह— ह—"

बघत राहिले. एकदा माझ्याकडे, एकदा डबीकडे, एकदा दुसऱ्या डबीकडे. पंचवीस वर्षं त्या धंद्यात होते, त्यांना काय सांगायला लागतंय! कळलं.

आणि हसले. आधी खांदे हलले. मग आवाज आला. मग डाव्या हातानं टेबलावर थापा, डोळ्यांतून पाणी. पुन्हा घाल म्हणून मला खूण. मी पुन्हा घातले, पुन्हा बु-बु-बु, आणि पुन्हा हसणं. मी किती वेळा स्वतःची फजिती करून घेतली देव जाणे. हसताना त्यांचा आवाज जुनाच आहे. हसण्याला झटका आलेला नाही.

१० फेब्रुवारी

आता असं ठरलंय — माझा आवाज रेकॉर्ड करायचा. तो नव्या डबीतून त्यांच्या एका कानात. त्याच्याबरोबर हे बोलतील, ते जुन्या डबीतून आत. म्हणजे दोन्ही डब्यांना काम आहे. वाचेच्या बाई तर खूशच झाल्या. "बरोबरीनं बोलणं सोपं जातं," म्हणाल्या, "आणि आवाज तुमचा असला तर दुधात साखर."

मी माइकसमोर पहिल्यांदाच. "मला पाणी हवं आहे" म्हणायला घाम फुटला! ह्यांनी हातानं खूण केली — माइकपासून लांब. मग — सावकाश. मग कपाळावर हात. साहेब झाले लगेच!

१३ फेब्रुवारी

"मला पाणी हवं आहे." पूर्ण. माझ्याबरोबर.

मग मीच थांबले, माझा आवाज बंद केला. एकट्यानं — "मला पाणी हवं." मी धावत जाऊन पाणी आणलं. ह्यांनी पेल्याकडे बघून असं तोंड केलं! तहान नव्हती, वाक्य होतं ते.

१७ फेब्रुवारी

बाईंची वाक्यं ह्यांना आवडत नाहीत. बाळबोध वाटतात. म्हणून मी आज माझंच एक घातलं — "अगं! मशीन बंद कर! रेकॉर्डिंग आहे!"

ऐकल्याबरोबर माझ्याकडे वळून बघितलं. मग माझ्या आवाजाबरोबर बोलले. "मशीन— बंद कर— रेकॉर्डिंग— आहे!" शेवटचा "आहे" काय ठणकावला!

"अगं" मात्र राहिला. तो येतच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच गळला. बाई म्हणतात, सुरुवातीचा शब्द सगळ्यात अवघड असतो, वाईट वाटून घेऊ नका.

वाईट नाही वाटून घेत. फक्त लिहून ठेवते.

२१ फेब्रुवारी

उत्साहाच्या भरात लांबलचक उतारा रेकॉर्ड केला. ऐकताना मध्ये मध्ये टक् टक्, आणि शेवटाकडे माझा आवाज न् ह्यांचा आवाज सरकलेला. भावोजी म्हणाले, दोन डब्यांची आतली घड्याळं दोन, लांबचा पल्ला असला की थोडं मागेपुढे व्हायचंच. लहान वाक्यं करा.

लहान वाक्यंच बरी. कमरेत आज चमक भरलीय. हॉटेलचे उरलेले पडदे तसेच पडून, आणि मी मशीनवर डोकं ठेवून झोपले भर दुपारी. जाग आली तर अंगावर शाल. मी कधी घेतली आठवत नाही.

२५ फेब्रुवारी

न्हाणीघरातला नळ गळत होता. नळवाला आला. मोठा पाना घेऊन जोर लावतोय, नळ काही हलेना. हे दारात काठी टेकून बघत उभे. मी पलीकडे भांडी पुसत होते.

आणि ऐकलं — "उलटं फिरवताय. डावीकडे फिरवा."

नळवाला म्हणाला, "हां काका, बरोबर," आणि डावीकडे फिरवला.

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. ना माझा आवाज कानात, ना माइक, ना वाट बघणं. अख्खं वाक्य! एक नाही, दोन! नळवाल्याला काय कल्पना, त्याच्यासमोर काय झालं ते. तो निवांत बसवत होता वॉशर.

मी इतके महिने कान लावून बसले, आणि ह्यांचं आपसूक आलेलं पहिलं अख्खं वाक्य कुणाला? नळाला!

हसून हसून पोट दुखलं. मग थोडी रडलेही. नळवाल्याचा मत्सर वाटावा, हे वय आहे का माझं?

२८ फेब्रुवारी

हॉटेलवाल्यांचा तगादा. बसून पडदे संपवते. उद्या पोचवायचे. ह्यांना एकटं ठेवून जायचं जिवावर येतं, पण शेजारणीला सांगून जाईन.

आज रेकॉर्डिंग नाही केलं. मीच नको म्हटलं. ह्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

२ मार्च

लेक आली! न कळवता. दारात बॅग, कडेवर नातू.

मी घाबरले. "काय गं, काय झालं?"

"तुला माहीत नाही? बाबांचा फोन आला होता काल."

बाबांचा!

मी पडदे द्यायला गेले होते तेव्हा. आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता म्हणे. ती ठेवणारच होती.

"काय म्हणाले?"

"'आई दमली. ये.'"